प्रौढ वयातील पियानो-शिक्षण : हार्मोनियमशी परिचित असलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

वाद्य शिकण्याचे वय म्हणजे बालपण, असा एक दृढ समज आपल्या समाजात आहे. चाळिशी-पन्नाशीत पियानोसारखे वाद्य हाती घेणाऱ्या व्यक्तीकडे कौतुकाने कमी आणि साशंकतेने अधिक पाहिले जाते. प्रस्तुत लेखात हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार केला आहे. पियानोची यंत्ररचना, दोन्ही हातांच्या समन्वयाचा प्रश्न, स्वरलिपीचे वाचन आणि सरावाची पद्धती या चार अंगांनी प्रौढ नवशिक्याच्या अडचणी समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. हार्मोनियमचा पूर्वपरिचय या शिक्षणात कोठे साहाय्यक ठरतो आणि कोठे अडथळा बनतो, याचीही मांडणी केली आहे. प्रौढ विद्यार्थी शिक्षण सोडतो त्याचे कारण केवळ वय नसून त्याची समज आणि त्याची बोटे यांच्या गतीत असलेले अंतर हे आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : प्रौढ शिक्षण, पियानो, हार्मोनियम, कारक कौशल्य, स्वरलिपी, आजीवन अध्ययन.

प्रस्तावना

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यातील विनोदाचा भाग सोडला तरी वय वाढले की नवे काही शिकता येत नाही, ही धारणा तिच्या मुळाशी आहेच. भाषा, संगणक किंवा वाहन चालविणे यांच्या बाबतीत ही धारणा गेल्या काही दशकांत सैल झाली. संगीताच्या बाबतीत मात्र ती अद्याप घट्ट आहे. गळा किंवा हात 'लहानपणीच तयार व्हावा लागतो' असे सांगितले जाते आणि ते ऐकून अनेक प्रौढ व्यक्ती शिकण्याची इच्छा मनातच ठेवतात.

महाराष्ट्र आणि गोवा या प्रदेशांत पियानो हे पूर्णतः परके वाद्य नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चशी जोडलेल्या शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलिपीचे शिक्षण दिले जात असे. त्या परंपरेत तयार झालेल्या गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद उभा केला. शंकर-जयकिशन यांच्या संगीताची वाद्यवृंदरचना करणारे सेबॅस्टियन डिसूझा हे त्याचे सुपरिचित उदाहरण होय. सामान्य मराठी घरात मात्र पियानोऐवजी त्याच घराण्यातील एक पट्टीवाद्य नांदत आले आणि ते म्हणजे पेटी. भजन, कीर्तन, नाट्यसंगीत व शाळेतील प्रार्थना यांमुळे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बहुतेकांनी पाहिलेल्या असतात व अनेकांनी त्यांवर बोटेही फिरवलेली असतात. अशी व्यक्ती प्रौढ वयात पियानोकडे वळते तेव्हा ती कोरी पाटी घेऊन येत नाही. तिच्यासोबत सवयी, अपेक्षा आणि संकोचही येतात. या साऱ्यांचा विचार केल्याशिवाय प्रौढाच्या पियानो-शिक्षणाचा प्रश्न नीट समजत नाही.

लेखाची उद्दिष्टे

१. प्रौढ वयात कारक कौशल्य आत्मसात करण्याच्या मर्यादा व शक्यता स्पष्ट करणे.
२. हार्मोनियम व पियानो यांतील रचनात्मक भेदांचा शिक्षणावर होणारा परिणाम सांगणे.
३. प्रौढ नवशिक्यास उपयुक्त अशा सरावपद्धतीची कारणमीमांसा करणे.
४. या अनुभवाचा महाविद्यालयीन अध्यापनाशी असलेला संबंध निदर्शनास आणणे.

वाद्याची रचना : पेटी आणि पियानो

पियानोचा जनक म्हणून इटलीतील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याचे नाव घेतले जाते. फ्लॉरेन्स येथील मेदिची राजघराण्याच्या सेवेत असताना इ. स. १७०० च्या सुमारास त्याने हे वाद्य सिद्ध केले. त्यापूर्वीच्या हार्प्सिकॉर्ड या वाद्यात तार छेडली जाई, त्यामुळे पट्टी हळू दाबली काय किंवा जोराने दाबली काय, आवाजात फारसा फरक पडत नसे. क्रिस्तोफोरीने तार छेडण्याऐवजी तिच्यावर लहान हातोडीने आघात करण्याची योजना केली. मंद आणि मोठा असे दोन्ही आवाज काढता येतात, म्हणून त्या वाद्याच्या नावात इटालियन भाषेतील 'पियानो' म्हणजे हळुवार आणि 'फोर्ते' म्हणजे जोरकस हे दोन शब्द आले. पुढे केवळ पहिला शब्द रूढ झाला. क्रिस्तोफोरीने बनविलेले तीन पियानो आज अस्तित्वात असून ते न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिग येथील संग्रहालयांत आहेत.

आधुनिक पियानोत ८८ पट्ट्या असतात. त्यांपैकी ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या. पट्टी दाबली असता तरफांच्या साखळीतून हातोडी तारेकडे फेकली जाते. तारेला स्पर्श होण्याच्या किंचित आधी हातोडी या साखळीतून मुक्त होते आणि आघात करून परत येते. या रचनेतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. हातोडी मुक्त झाल्यावर वादकाचा तिच्यावर काहीही ताबा उरत नाही. आवाज लहान की मोठा हे केवळ पट्टी खाली जाण्याच्या वेगावर ठरते. नंतर पट्टी कितीही दाबून धरली तरी आवाज वाढत नाही, तो हळूहळू विरत जातो.

पेटीत नेमके याउलट घडते. तेथे ध्वनी हवेच्या प्रवाहाने कंप पावणाऱ्या पितळी पत्तीतून निर्माण होतो. पट्टी दाबून धरली आहे आणि भात्यात हवा आहे तोवर स्वर टिकतो. आवाजाची चढउतार भात्यावरील हाताच्या दाबाने साधली जाते, पट्टीवरील बोटाच्या वेगाने नव्हे. परिणामी अनेक वर्षे पेटी वाजविलेल्या व्यक्तीची बोटे चपळ असली तरी पट्टीवरील आघाताबाबत ती उदासीन असतात. अशी व्यक्ती पियानोवर बसली की सर्व स्वर एकाच वजनाचे ऐकू येतात. शिक्षक 'सपाट वाजते' असे म्हणतात आणि विद्यार्थ्याला त्याचा अर्थ कळत नाही, कारण त्याने स्वर अचूक वाजविलेले असतात. आवाजाचे काम भात्यावरून बोटांकडे आले आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. एवढा एक मुद्दा पहिल्याच धड्यात स्पष्ट केल्यास पुढील अनेक महिन्यांचा गोंधळ टळू शकतो.

स्वरांच्या नावांबाबतही असाच एक पेच आहे. आपल्या पद्धतीत 'सा' स्थिर नाही, गायकाच्या आवाजानुसार तो कोणत्याही पट्टीवर मानता येतो. 'काळी एक', 'पांढरी दोन', 'काळी चार' या संज्ञा आपले गायक-वादक नित्य वापरतात. पाश्चात्त्य पद्धतीत प्रत्येक पट्टीला कायमचे नाव आहे. आपली पांढरी एक म्हणजे त्यांची 'सी' आणि काळी चार म्हणजे 'जी शार्प'. पेटीवादकाने ही पट्ट्यांची भाषा आधीच आत्मसात केलेली असल्याने त्याला स्थिर स्वरनामांची कल्पना नवीन वाटण्याचे कारण नाही. त्याने केवळ सरगम बाजूला ठेवून पट्टीचे नाव पुढे आणायचे असते. येथे पूर्वज्ञान खरोखर उपयोगी पडते.

रागसंगीताचा कान असलेल्या प्रौढास आणखी एक अडचण जाणवते. पियानोचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. १२०० सेंटच्या सप्तकात त्याचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो, तर तंबोऱ्याच्या षड्जाशी नैसर्गिकरीत्या जुळणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. हा १४ सेंटचा फरक तयार कानाला खटकतो. शिवाय पियानोवर मींड घेता येत नाही. म्हणून पियानोवर राग वाजवून पाहणारा प्रौढ विद्यार्थी बहुधा निराश होतो. या वाद्याचे सौंदर्य एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक स्वरांच्या परस्परसंबंधात, म्हणजे हार्मनीत आहे. ते शोधायचे ठिकाण बदलले पाहिजे, हे लक्षात आले की निराशा कमी होते.

डाव्या हाताचा प्रश्न

हातपेटी वाजविताना उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हात भात्यावर असतो. संगीत नाटकांत वापरल्या गेलेल्या ऑर्गनमध्ये पायांनी हवा भरली जात असल्याने दोन्ही हात मोकळे राहत, परंतु घरोघरी रुळली ती हातपेटीच. त्यामुळे पेटी येणारा प्रौढ पियानोकडे येतो तेव्हा त्याच्या दोन हातांच्या वयात मोठे अंतर असते. उजवा हात वीस-पंचवीस वर्षांचा अनुभवी आणि डावा हात नवजात. विद्यार्थी उजव्या हाताच्या गतीने वाजवू पाहतो, डावा हात मागे पडतो आणि वादन थांबते.

या अडचणीचे स्वरूप एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पांढरी एकपासून सुरू होणारे शुद्ध स्वरांचे सप्तक उजव्या हाताने आरोहात वाजविताना अंगठा 'सा'वर, तर्जनी 'रे'वर आणि मध्यमा 'ग'वर येते. त्यानंतर अंगठा तळहाताखालून सरकून 'म'वर जातो आणि उरलेले स्वर तर्जनीपासून करंगळीपर्यंत वाजतात. डाव्या हाताने हेच सप्तक वाजविताना करंगळी 'सा'वर ठेवून क्रमाने अंगठा 'प'वर येतो आणि मग मध्यमा अंगठ्यावरून ओलांडून 'ध'वर जाते. म्हणजे दोन्ही हात एकत्र आरोह करू लागले की उजव्या हाताची कूस 'म'वर बदलते व डाव्या हाताची 'ध'वर. एका हाताची हालचाल बदलत असताना दुसऱ्याने आपली हालचाल तशीच चालू ठेवायची असते. नवशिक्याची चूक नेमकी या दोन ठिकाणी होते.

आता हेच दोन्ही हात एकाच 'सा'वरून विरुद्ध दिशांनी नेले, म्हणजे उजवा वर व डावा खाली, तर दोन्ही हातांचे अंगठे एकाच क्षणी सरकतात. बोटांचा क्रम आरशातील प्रतिबिंबासारखा तंतोतंत सारखा असतो. म्हणून ऐकायला अवघड वाटणारे हे विरुद्धगती सप्तक हातांना मात्र सोपे जाते. प्रौढ विद्यार्थ्याला ही कारणमीमांसा सांगितली की तो सरावाचा क्रम स्वतः ठरवू शकतो. प्रथम प्रत्येक हात स्वतंत्र, मग विरुद्धगती आणि शेवटी समगती, असा तो क्रम असावा. लहान मुलाला असे विवेचन पचत नाही. प्रौढाला ते पचते आणि हेच त्याचे बलस्थान आहे.

हंगेरियन संगीतकार बेला बार्तोक याने १९२६ ते १९३९ या काळात 'मिक्रोकोसमोस' हा १५३ रचनांचा सहा खंडांतील संग्रह सिद्ध केला. त्याच्या आरंभीच्या रचनांत दोन्ही हात एकच चाल एका सप्तकाच्या अंतराने वाजवितात. हातांना आधी एकत्र चालायला शिकवायचे आणि मग हळूहळू त्यांना स्वतंत्र करायचे, ही त्यामागील शैक्षणिक दृष्टी आहे. डावा हात नवखा असलेल्या विद्यार्थ्यासाठी ती विशेष मोलाची आहे.

स्वरलिपीचे वाचन

पियानोची स्वरलिपी पाच-पाच रेषांच्या दोन पट्ट्यांवर लिहिली जाते. सामान्यतः वरची उजव्या हातासाठी व खालची डाव्या हातासाठी. दोन्हींचे वाचन मात्र भिन्न असते. वरच्या पट्ट्याच्या तळाच्या रेषेवरील चिन्ह 'ई' म्हणजे पांढरी तीन दर्शविते, तर खालच्या पट्ट्याच्या तळाच्या रेषेवरील तेच चिन्ह 'जी' म्हणजे पांढरी पाच दर्शविते. एकाच वेळी दोन लिप्या वाचण्यासारखा हा प्रकार आहे.

प्रौढ नवशिका यावर जी पळवाट काढतो ती अशी : प्रत्येक चिन्हाखाली पेन्सिलीने स्वराचे नाव लिहायचे, किंवा रचना एकदा पाठ करून पुन्हा कागदाकडे पाहायचेच नाही. आपल्या परंपरेत मौखिक शिक्षणाला प्रतिष्ठा असल्याने दुसरी पळवाट विशेष सोयीची वाटते. तिचा तोटा पुढे दिसतो. प्रत्येक नवी रचना पुन्हा शून्यापासून उलगडावी लागते आणि विद्यार्थी चार-पाच पाठ केलेल्या तुकड्यांत अडकून पडतो.

यावर उपाय वाचनाच्या स्वरूपातच आहे. देवनागरी वाचताना आपण अक्षर-अक्षर जुळवीत नाही, शब्दाचा आकार ओळखतो. बुद्धिबळपटूंवरील १९७३ च्या प्रसिद्ध अभ्यासात चेस आणि सायमन यांनी दाखविले की, तज्ज्ञ खेळाडू सोंगट्या सुट्या न पाहता अर्थपूर्ण गटांत पाहतो. स्वरलिपीलाही हेच लागू करता येते. दोन चिन्हे लगतच्या रेषा व जागेवर असतील तर लगतचे बोट, एका रेषेवरून पुढच्या रेषेवर असतील तर मधले एक बोट सोडून पुढचे, असे अंतरावर आधारित वाचन सुरुवातीपासून अंगी बाणविल्यास नावे लिहिण्याची गरज उरत नाही. रोज पाच मिनिटे अगदी सोपी व पूर्वी न पाहिलेली रचना न थांबता वाजवून पाहणे हा यासाठी उत्तम सराव होय.

वय आणि मेंदू : संशोधन काय सांगते?

वयाचा प्रश्न प्रामाणिकपणे मांडणे आवश्यक आहे. व्यावसायिक पियानोवादकांच्या मेंदूचा बेंग्टसन व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाचा आणि मेंदूतील श्वेतद्रव्याच्या रचनेचा संबंध बालपणातील सरावाच्या बाबतीत सर्वांत व्यापक आढळला. कोणताही संदर्भ न घेता स्वर ओळखण्याची क्षमताही लहान वयात शिक्षण सुरू झालेल्यांतच प्रामुख्याने दिसते. म्हणजे उशिरा सुरुवात करणाऱ्यास काही गोष्टी मिळणार नाहीत, हे मान्य केले पाहिजे.

परंतु यावरून प्रौढाचा मेंदू बदलत नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १९९५ मध्ये पास्कुअल-लिओने व सहकाऱ्यांनी पियानो न येणाऱ्या प्रौढ व्यक्तींना पाच बोटांचा एक साधा पाठ रोज दोन तास, याप्रमाणे पाच दिवस दिला. बोटांच्या स्नायूंशी निगडित असलेले मेंदूतील क्षेत्र या अल्पावधीत विस्तारल्याचे दिसून आले. ज्या गटाने प्रत्यक्ष बोटे न हलविता केवळ मनातल्या मनात सराव केला, त्यांच्यातही तसाच बदल आढळला. त्यांचे वादन प्रत्यक्ष सराव करणाऱ्यांइतके सुधारले नाही, हेही खरे. तथापि, दिवसभराच्या नोकरीत वाद्यापासून दूर राहणाऱ्या माणसाला यातून एक व्यावहारिक धडा मिळतो. प्रवासात किंवा दोन तासिकांच्या मधल्या वेळेत स्वरलिपी डोळ्यांसमोर आणून मनातल्या मनात वाजविणे हा वेळेचा अपव्यय नव्हे.

६० ते ८५ वर्षे वयोगटातील व्यक्तींना सहा महिने वैयक्तिक पियानो-शिक्षण देऊन ब्यूगॉस व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्ष व विचारप्रक्रियेच्या नियंत्रणाशी संबंधित काही चाचण्यांत त्या व्यक्तींची प्रगती झाली. अभ्यासातील गट लहान होता, त्यामुळे 'पियानो वाजवा आणि स्मृतिभ्रंश टाळा' यांसारखी जाहिरातवजा विधाने त्यावरून करता येणार नाहीत. या वयातही शिकणे शक्य असते, एवढे मात्र नक्की म्हणता येते.

दहा हजार तासांच्या कल्पनेचा येथे विचार करणे अगत्याचे आहे. बर्लिन येथील वादकांच्या अभ्यासावर आधारित एरिक्सन व सहकाऱ्यांचा निबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मॅल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ मधील पुस्तकामुळे तो आकडा सर्वतोमुखी झाला. रोज अर्धा तास सराव करणाऱ्याचे वर्षाला सुमारे १८० तास होतात. या हिशेबाने दहा हजार तासांना पंचावन्न वर्षे लागतील. चाळिशीतील विद्यार्थ्याने हा हिशेब मांडला की पेटी-पियानो दोन्ही बंद करून तो उठेल. मुळात तो अभ्यास उच्च दर्जाच्या व्यावसायिक प्रावीण्याविषयी होता. पुढे २०१४ मध्ये मॅकनामारा व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा संगीतातील कामगिरीतील फरकांपैकी सुमारे २१ टक्के फरकच हेतुपूर्वक सरावाने स्पष्ट होतो असे आढळले. ज्याला संध्याकाळी घरी एक सुंदर रचना वाजवायची आहे त्याच्यासाठी तो आकडा गैरलागू आहे. गंतव्य निराळे असेल तर अंतरही निराळे असते.

सरावाची पद्धती

फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ मध्ये कारक कौशल्याच्या तीन अवस्था वर्णिल्या. पहिल्या अवस्थेत प्रत्येक हालचाल विचारपूर्वक करावी लागते, दुसरीत चुका कमी होऊन हालचाली जोडल्या जातात आणि तिसरीत त्या आपोआप घडतात. प्रौढ विद्यार्थ्याची पहिली अवस्था बौद्धिकदृष्ट्या लवकर संपते, कारण त्याला समजते झटकन. बोटे मात्र आपल्याच गतीने चालतात. 'मला कळले आहे, तरी जमत नाही' हे वाक्य प्रत्येक प्रौढ नवशिका उच्चारतो. बालकाला हे दुःख नसते, कारण त्याची समज आणि बोटे जवळजवळ बरोबरीने वाढतात. प्रौढाचा कान तर त्याहून पुढे असतो. आयुष्यभर उत्तम संगीत ऐकलेला माणूस स्वतःचे अडखळते वादन ऐकतो आणि त्याला लाज वाटते. शिक्षण सुटते ते बहुधा या टप्प्यावर.

हे अंतर सुसह्य करण्यासाठी पुढील बाबी उपयुक्त ठरतात.

अ) अल्प पण नित्य सराव : आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोज पंचवीस-तीस मिनिटे अधिक फलदायी. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही उक्ती येथे अक्षरशः लागू पडते. वॉकर व सहकाऱ्यांच्या २००२ मधील प्रयोगात बोटांच्या ठरावीक क्रमाचा सराव केलेल्या व्यक्तींची गती रात्रीच्या झोपेनंतर, मधे सराव न करताही, सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली दिसली. या वाढीच्या कारणाविषयी संशोधकांत मतभेद आहेत. तरीही रात्री न जमलेला भाग सकाळी सोपा वाटतो, हा अनुभव वादकांना परिचित आहे.

आ) संथ गती : चुकीसह जलद वाजविणे म्हणजे चुकीचाच सराव करणे होय. जी गती धरल्यास एकही चूक होत नाही ती आपली खरी गती, असे मानून मेट्रोनोम त्या गतीवर लावावा.

इ) लहान तुकडे : संपूर्ण रचना पुन्हा पुन्हा आरंभापासून वाजविण्याची सवय घातक असते. त्यामुळे पहिल्या चार ओळी पक्क्या होतात आणि शेवटच्या कच्च्याच राहतात. अडणारे दोन मात्रागट निवडून तेवढेच वाजवावेत आणि काही वेळा शेवटाकडून आरंभाकडे यावे.

ई) मिश्र सराव : शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हातांच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात, एकच कृती सलग करण्यापेक्षा अनेक कृती आलटूनपालटून केल्यास त्या वेळी कामगिरी खालावते, पण नंतर ती अधिक टिकते, असे आढळले. अर्ध्या तासात सप्तक, वाचन आणि दोन रचना यांची अदलाबदल करणे म्हणूनच हिताचे.

उ) शरीराची काळजी : बैठक अशी असावी की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात साधारण पट्ट्यांच्या पातळीत राहील. प्रौढ स्नायू ताण धरून ठेवतात. यांत्रिक व्यायामांचा अतिरेक टाळावा. हॅनन याचा १८७३ मधील साठ व्यायामांचा संग्रह आजही वापरला जातो, पण थकवा आला तरी वाजवीत राहणे इष्ट नाही. वेदना म्हणजे थांबण्याची सूचना. संगीतकार रॉबर्ट शूमन याच्या उजव्या हाताला १८३० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या विकारामुळे त्याचे वादकाचे स्वप्न भंगले. त्याचे कारण विवादास्पद असले तरी हाताची काळजी का घ्यावी, हे त्यावरून उमगते.

रचनांची निवड हाही महत्त्वाचा भाग आहे. बालगीते वाजविण्यात प्रौढास कमीपणा वाटतो, तर आवडती मोठी रचना आवाक्याबाहेर असते. या दोहोंच्या मधली जागा भरणारे साहित्य उपलब्ध आहे. बाखच्या पत्नीसाठी १७२५ मध्ये सुरू झालेल्या वहीतील 'जी मेजर'मधील मिन्युएट दीर्घकाळ बाखच्या नावावर होती. ती क्रिश्चियन पेट्झोल्ड याची असल्याचे पुढे निष्पन्न झाले. दोनच ओळींत चालणारी ही छोटी रचना प्रौढालाही कलाकृती वाजविल्याचे समाधान देते. लंडन येथील संगीत परीक्षा मंडळांच्या आठ श्रेणींच्या परीक्षांना वयाची अट नाही. ज्याला निश्चित टप्पे हवे आहेत त्याने त्यांचा आधार घ्यावा. ज्याला परीक्षेचे दडपण नको, त्याने तो घेऊ नये.

साधनाविषयी एक सूचना करावीशी वाटते. बाजारातील ६१ पट्ट्यांच्या हलक्या की-बोर्डवर स्वरांची ओळख होते, पण पट्टीला वजन नसल्याने आघाताचे शिक्षण होत नाही. ज्या गुणासाठी पियानोचा जन्म झाला तोच तेथे गैरहजर असतो. ८८ वजनदार पट्ट्यांचा व आघाताला प्रतिसाद देणारा डिजिटल पियानो हा सदनिकेत राहणाऱ्यांसाठी व्यवहार्य मध्यम मार्ग होय. कानाला हेडफोन लावून रात्री वाजविता येते आणि शेजाऱ्यांच्या संकोचातून सुटका होते.

अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्व

माल्कम नोल्स यांनी प्रौढ शिक्षणाचा विचार मांडताना प्रौढाचा पूर्वानुभव, त्याची स्वयंनिर्णयाची गरज आणि शिकण्यामागील प्रयोजन यांवर भर दिला. पियानोच्या बाबतीत हे तिन्ही घटक ठळकपणे दिसतात. महाविद्यालयीन शिक्षकाच्या दृष्टीने मात्र यात आणखी एक अर्थ दडलेला आहे.

आपण आपल्या विषयात इतकी वर्षे वावरतो की न समजण्याचा अनुभव आपल्या विस्मृतीत जातो. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला एखादी साधी संकल्पना तिसऱ्यांदा सांगूनही का कळत नाही, याचे आपल्याला नवल वाटते. कधी त्रागाही होतो. तोच शिक्षक संध्याकाळी, कदाचित आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या शिक्षिकेसमोर, पाच स्वर सलग वाजवू शकत नाही तेव्हा त्याला कळून चुकते की, समजणे आणि जमणे यांत मोठे अंतर असते. 'सोपे आहे, करून पाहा' हे वाक्य शिकणाऱ्याला धीर देत नाही. सोपे असूनही आपल्याला जमत नाही, एवढेच ते त्याला सांगते. हा अनुभव कोणत्याही उजळणी वर्गात मिळत नाही.

निष्कर्ष

१. बालवयातील सुरुवातीचे काही लाभ प्रौढास मिळत नाहीत. तथापि, प्रौढ मेंदू नवे कारक कौशल्य आत्मसात करू शकतो.
२. हार्मोनियमचा परिचय पट्ट्यांची ओळख व स्थिर स्वरनामे यांसाठी उपकारक ठरतो. आघात, डावा हात व स्वरलिपी यांबाबत मात्र नव्याने शिकावे लागते.
३. प्रौढाचे शिक्षण खंडित होण्यामागे वयापेक्षा समज, कान आणि बोटे यांच्या गतीतील तफावत व तीमुळे येणारा संकोच हे कारण अधिक प्रबळ दिसते.
४. कारणमीमांसा समजून सराव करण्याची क्षमता हे प्रौढाचे बलस्थान आहे. अध्यापनात तिचा जाणीवपूर्वक उपयोग व्हावा.

शिफारशी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रौढ शिक्षण व आजीवन अध्ययन यांचा स्वतंत्र विचार केला आहे. ज्या महाविद्यालयांत संगीत विभाग वा संगीतकक्ष आहे त्यांनी तो सायंकाळी प्राध्यापक, कर्मचारी व परिसरातील प्रौढ नागरिक यांना खुला करावा. नवशिक्या प्रौढांचे लहान गट करावेत, म्हणजे अडखळणारे आपण एकटे नाही हे प्रत्येकाला दिसेल. वर्षअखेरीस स्पर्धा न ठेवता एकमेकांसमोर वादनाची अनौपचारिक बैठक व्हावी.

समारोप

प्रौढ वयात पियानो शिकणारी व्यक्ती बहुधा रंगमंचावर जाणार नाही. तिच्या वादनाला श्रोता म्हणून कदाचित घरातील एकच माणूस असेल किंवा कोणीही नसेल. तरीही एके दिवशी, महिनोन्महिने वेगवेगळे चालणारे तिचे दोन हात कोणाच्याही आज्ञेवाचून एकत्र चालू लागतात. त्या क्षणाचे मूल्य प्रमाणपत्रात मोजता येत नाही. 'आता या वयात' या तीन शब्दांनी आपण स्वतःला आणि इतरांना ज्यापासून वंचित ठेवतो ते हेच होय.